धुतलेले पाय

आमच्या न्हाणीघराच्या कोनाड्यात आजीच्या वेळची एक पितळी वज्री आहे. तळ खरबरीत, वर मोराची मूठ आणि पोटात चार-दोन खडे. टाच घासायला लागलं की ती खुळखुळते. ज्या कुणी कारागिराने ती घडवली, त्याला माणसाच्या स्वभावाची चांगली पारख असावी. पाय घासण्यासारखी खासगी गोष्टसुद्धा कुणाला गुपचूप उरकता येऊ नये, अशी सोय त्याने करून ठेवली आहे. त्या वर्षी ईस्टर मार्चअखेरीस आला होता. पवित्र गुरुवारच्या दुपारी सगळं घर पेंगत असताना मी न्हाणीघराचं दार लोटून टाचा घासत बसलो होतो, आणि वज्री एखाद्या चुगलखोर पोरासारखी ते घरभर सांगत सुटली होती.

"अहो, काय चाललंय एवढं?" बाहेरून हिचा आवाज आला.

"काही नाही. पाय धुतोय."

"सकाळीच तर अंघोळ झाली."

"संध्याकाळी पाळकसाहेब पाय धुणार आहेत माझे."

बाहेर थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग ती अगदी साध्या सुरात म्हणाली, "ते धुणार आहेत ना? मग तुम्ही कशाला धुताय?" आणि जाता जाता, "टँकर परवा येणार आहे, तेवढं ध्यानात असू द्या."

बीड जिल्ह्यात मार्चअखेरीला पाण्याची आठवण करून देणं म्हणजे एखाद्याला त्याच्या पापाची आठवण करून देण्यासारखंच असतं. मी हातातला तांब्या खाली ठेवला. एक टाच गुळगुळीत झाली होती, दुसरी तशीच होती. एक पाय परूशाचा आणि एक जकातदाराचा, अशा अवस्थेत मी बराच वेळ पाटावर बसून राहिलो. मग म्हटलं, अर्धवट तरी कशाला ठेवायचं, आणि दुसरीही घासून टाकली.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. धरला गेला त्याच रात्री येशू जेवता जेवता पानावरून उठला, कमरेला रुमाल गुंडाळला, परातीत पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात ही हकिगत आहे. त्या काळी हे काम घरातल्या दासाचं. म्हणून पेत्राला ते सोसवेना. त्याने पाय आखडून घेतले. त्या रात्रीच्या आठवणीसाठी जगभरातल्या पुष्कळ चर्चमधून शुभ शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी पाळक बारा जणांचे पाय धुतात. आमच्या तालुक्याच्या गावी बालाघाटाच्या उतरणीला एक लहानसं चर्च आहे. जुनी माणसं त्याला अजून देऊळच म्हणतात. तिथेही हा विधी होतो. बारा खुर्च्या मांडल्या जातात, घंगाळ ठेवलं जातं, आणि मंडळींना नम्रतेचा धडा मिळावा म्हणून योजलेल्या या विधीसाठी महिनाभर आधीपासून आमच्यात जी काही चढाओढ चालते, तिचं वर्णन करायला एखादा नाटककारच हवा.

पहिला प्रश्न असतो यादीचा. बारा जण कोण? मग बसण्याचा क्रम कोणता? आणि सगळ्यांत नाजूक मामला म्हणजे बारावी खुर्ची. शिष्यांच्या यादीत यहूदा इस्कर्योत शेवटी येतो, हे लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलेलं कुणी विसरलेलं नसतं. त्यामुळे शेवटच्या खुर्चीकडे आमच्याकडे लोक असे पाहतात, जसं पंगतीत आमटी सांडलेल्या पाटाकडे पाहावं. तिथे नाव घातलेल्या माणसाला ऐन गुरुवारी पाहुणे येतात, कंबर धरते, किंवा बीपी वाढतं. उलट पहिल्या तीन खुर्च्यांसाठी आजवर कुणाचीही तब्येत बिघडल्याचं ऐकिवात नाही.

माझं स्वतःचं धोरण जरा निराळं होतं. यादीत नाव घालू का, असं विचारायला सेक्रेटरी आले की मी हात जोडून म्हणायचो, "छे छे, मी कसला लायक? माझ्यापेक्षा मोठी माणसं आहेत." हे वाक्य मी वर्षानुवर्षं घोटून तयार केलं होतं. त्यातला 'छे छे' किती लांबवायचा, नजर कुठल्या शब्दावर खाली न्यायची, हे सगळं बसवलेलं होतं. समोरच्याने दोनदा आग्रह करायचा, मी दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा "तुम्ही ऐकतच नाही, तर..." असं म्हणून मान तुकवायची. पण एक वर्षी सेक्रेटरी नवीन आले. तरुण होते, शहरात शिकलेले. मी म्हटलं, "छे छे, मी कसला लायक?" ते म्हणाले, "बरं," आणि वहीत काहीतरी खोडून पुढच्या घरी गेले.

माझ्या नम्रतेवर इतका तडकाफडकी विश्वास आजवर कुणी ठेवला नव्हता. ईस्टर होऊन गेला, आंबे येऊन संपले, तरी तो 'बरं' माझ्या कानात वाजतच होता. बीडजवळ सोळाव्या शतकातली खजाना विहीर आहे. दुष्काळात तिचं पाणी आटत नाही, अशी तिची ख्याती. शाळेच्या सहलीत तिच्या काठावर उभं राहून मी तिचं फार कौतुक केलं होतं. मोठेपणी कळलं, की तसली एक विहीर माझ्याही पोटात खोदलेली आहे. वरून कितीही ऊन पडो, उपास होवोत, उपदेश होवोत, आतलं पाणी बोटभरही खाली जात नाही.

अहंकाराला देवळात येण्याची बंदी आहे, असं आपण उगाच समजतो. तो तर सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला असतो. आमच्या चर्चमध्ये छताला सहा पंखे आहेत आणि प्रत्येक पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव रंगवलेलं आहे. त्यातला एक माझ्या वडिलांच्या स्मरणार्थ मी दिलेला. पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही, नुसतं एक पांढुरकं वर्तुळ दिसतं. नाव वाचता येतं ते फक्त लाइट गेल्यावर. भर एप्रिलमध्ये उपासना चालू असताना लाइट जाते, सगळी मंडळी घामाने निथळून हातातली गीतांची पुस्तकं हलवायला लागतात, आणि मी मान वर करून वडिलांचं नाव वाचतो. त्या क्षणी मला उकडत नाही, हे मी कबूल करायला हवं.

पायांच्या बाबतीत आपल्याकडचा रिवाज पाण्याच्या नियमाच्या उलट आहे. पाणी वरून खाली वाहतं, पण पाय धुण्याचं पाणी नेहमी खालून वर चढतं. धाकट्याने थोरल्याचे धुवायचे, शिष्याने गुरूचे, मुलीच्या बापाने जावयाचे. उलट दिशेची उदाहरणं शोधायला गेलं की थेट द्वारकेला जावं लागतं, जिथे कृष्णाने सुदाम्याचे धुळीने भरलेले पाय आपल्या हातांनी धुतले. पण गंमत अशी, की आमच्या भागात पावसाळा लागला की ही उलटी गंगा रस्त्यावरच वाहताना दिसते. मुक्ताबाईची पालखी पंढरपूरला जाताना बीडवरून जाते. लहानपणी माझ्या वर्गमित्राची आई दारात परात घेऊन बसायची आणि येईल त्या वारकऱ्याचे पाय धुऊन त्यांना तेल लावायची. कोण, कुठला, काय जातीचा, हे ती विचारत नसे. आणि आज विशेष करून आठवतं ते हे, की त्यातला एकही पाय आधी धुऊन आणलेला नसायचा. गुडघ्यापर्यंत चिखल असायचा. दोन-तीन पायांतच परातीतलं पाणी बदलावं लागायचं.

त्या मुक्ताबाईनेच नामदेवाची एकदा कशी फजिती केली, ते मराठी माणसाला सांगायला नको. सगळे संत तेरला गोरोबाकाकांच्या घरी जमले होते. तेर आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात. कोपऱ्यात मडकी थापायचं थापटणं पडलेलं. हे काय म्हणून मुक्ताबाईने विचारलं आणि मग गोरोबांना म्हणाली, यातलं कच्चं मडकं कोणतं ते सांगा पाहू. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळ्यांनी मुकाट्याने मारून घेतलं. नामदेव मात्र चिडले. प्रत्यक्ष विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो, त्यांच्या डोक्यावर थापटणं! झालं, मडकं कच्चं निघालं. पुढे ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, तर ते शंकराच्या पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले. पाय काढा म्हटल्यावर म्हातारा म्हणाला, जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव. ज्या पायांचा नामदेवांना राग आला, तेच त्यांना उचलून हातात घ्यावे लागले. आणि शेवटी हा माणूस मागतो काय, तर पंढरपूरच्या महाद्वारातली पायरी. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांचे पाय अंगावर पडावेत म्हणून. डोक्यावरच्या एका थापटण्यापासून तिथपर्यंत केवढा प्रवास झाला हा! मी अजून तेरच्या त्या घरातच बसलोय आणि थापटणं जवळ येताना पाहून डोकं वाचवतोय.

ही संतांची गोष्ट मी चर्चच्या गोष्टीत का आणली, असं आमच्यातला एखादा विचारील. तर नारायण वामन टिळक म्हणत, की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. टिळकांना जो पूल चालला, तो मला चालायला हरकत नसावी. टिळकांचं नाव निघालं म्हणून आमच्या घराण्याचा एक अहंकारही सांगून टाकतो. आम्ही मूळ नगरचे. निजामाच्या राज्यात शिक्षक म्हणून आजोबा इकडे आले आणि इथलेच झाले. पण 'आम्ही नगरचे' हे सांगण्याची खुमखुमी तीन पिढ्यांत गेलेली नाही. माझ्या आजोबांनी लहानपणी नगरला टिळकांना पाहिलं होतं. पाहिलं होतं, एवढंच. पण ही हकिगत दर पिढीला थोडी थोडी वाढत गेली. वडिलांच्या तोंडी टिळक आजोबांशी बोलले. माझ्या तोंडी त्यांनी आजोबांच्या डोक्यावर हात ठेवला. आणि परवा माझा मुलगा कुणाला तरी फोनवर सांगत होता, की टिळकांनी एक गीत आमच्या ओसरीवर बसून रचलं. मी शेजारीच होतो. मी काही बोललो नाही.

खरं तर नम्रतेचा धडा घ्यायचा तर टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंकडून घ्यावा, असं मला हल्ली वाटायला लागलं आहे. टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षं दुरावल्या. पुन्हा एकत्र नांदायला लागल्यावरही आपलं सोवळं-ओवळं घट्ट धरून राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. मधल्या वर्षांतलं त्यांचं सोवळं, हट्ट, भोळेपणा, घाबरगुंडी, हे सगळं 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी लिहून ठेवलं आहे, तेही हसत हसत, जणू एखाद्या खट्याळ धाकट्या बहिणीबद्दल सांगावं तसं. आत्मचरित्र लिहिताना बहुतेक माणसं आधी न्हाणीघरात जाऊन टाचा घासून येतात. या बाईने आपले पाय आहेत तसे, धुळीसकट वाचकापुढे ठेवले.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली, तेव्हा त्या विशीत होत्या. संस्कृत जिभेवर नाचत होतं. त्याच बाईंनी उतारवयात केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. आणि ते खेड्यातल्या साध्या बायकांना कळावं म्हणून आपल्या जिभेवरचं संस्कृत बाजूला ठेवून साध्या बोलीत आणलं. मुक्तिसदनातल्या मुलींनीच ते छापलं. संपूर्ण पुस्तक निघालं १९२४ साली. रमाबाई त्याआधी दोन वर्षं गेल्या होत्या. अवघड शब्द ठाऊक असूनही न वापरणं किती कठीण, हे मी प्रार्थनेला उभा राहिलो की मला कळतं. देवाला समजावं म्हणून नाही, मागच्या बाकावर बसलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांना ऐकू जावं म्हणून मी 'अनन्यसाधारण' हा शब्द दर प्रार्थनेत एकदा तरी घालतो.

माझ्या वज्रीला मात्र राजघराण्याचा आधार आहे, हे मला फार उशिरा, वाचता वाचता कळलं. सोळाव्या शतकात इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी पवित्र गुरुवारी गरीब बायकांचे पाय धूत असे. राणीचं वय जितकं, तितक्या बायका. राणी एकोणचाळीस वर्षांची होती त्या वर्षी ३९ बायका बसवल्या होत्या. पण राणीच्या आधी तिच्या धुण्याच्या खात्यातल्या माणसाने ते पाय ऊन पाण्याने धुतले, मग दानधर्म खात्याच्या दुय्यम अधिकाऱ्याने धुतले, मग मुख्य अधिकाऱ्याने धुतले, आणि एवढं झाल्यावर चौथ्या खेपेला राणी गुडघे टेकून बसली. हे वाचून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हिला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "पण तिथं धुणारीची लाज राखायची होती. तुम्ही कुणाची राखत होता?" आता २०१३ साली पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर काही दिवसांतच रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या बारा पोरापोरींचे पाय त्यांनी धुतले. त्या पोरांनी आदल्या दुपारी टाचा घासल्या असतील का, हे कुणी लिहून ठेवलेलं दिसत नाही.

आमच्याकडे या विधीला घंगाळ लागतं, ते आमच्या घरून जातं. तांब्याचं, जड, कडीचं. ते आजीचं. आजीच्या माहेरच्या गावी विहिरीला तिला हात लावू देत नसत. कुणाला दया आली तर वरून धार धरायची, आणि ही खाली ओंजळ करायची. निम्मं पाणी कोपरावरून ओघळून मातीत जायचं. पुढे ती मास्तरीणबाई झाली, तेव्हा पहिल्या साठवलेल्या पैशांतून तिने हे घंगाळ घेतलं आणि दाराशी ठेवलं. येणाऱ्या प्रत्येकाला ती पाय धुवायला पाणी द्यायची, आणि तांब्या उंच धरायची नाही. पार पायाशी वाकून, जवळून ओतायची. कासाराकडून तिने त्याच्या आतल्या तळाशी आजोबांचं नाव कोरून घेतलं होतं. बाहेर कोरलं तर राखेने घासून झिजतं, असं तिचं म्हणणं. त्यामुळे पाणी भरलं की नाव थोडं मोठं आणि थोडं हलतं दिसतं. विधीच्या आदल्या रात्री मी ते चिंच-मिठाने लख्ख घासतो. ते काम आजवर मी दुसऱ्या कुणाला करू दिलेलं नाही. त्यातही नम्रता किती आणि आजोबांचं नाव किती, हा हिशेब न मांडलेला बरा.

तर त्या संध्याकाळी अकरा खुर्च्या भरल्या. बाराव्या माणसाने बीपीचा निरोप पाठवला होता. मी तिसऱ्या खुर्चीत होतो. पाळकसाहेबांनी झगा काढला, कमरेला पंचा बांधला आणि पहिल्या खुर्चीपुढे गुडघे टेकले. माझी पाळी आली. माझी बोटं मांडवात बसवलेल्या नवरदेवासारखी लाजरी आणि चकचकीत दिसत होती. त्यांनी तांब्या कलता केला. पाणी पायांवरून गेलं आणि जसं आलं होतं तसंच निवळशंख घंगाळात उतरलं. साबणाचा मंद वास मात्र दरवळला. पाळकसाहेबांनी क्षणभर वर पाहिलं. त्यांच्या मिशीत काही हललं असावं, पण उजेड कमी होता. खाली पाण्यात आजोबांचं नाव एकेक अक्षर सुटं वाचता येत होतं.

अकरा जण झाले आणि पाळकसाहेब थांबले. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर ऊसतोडीचं एक जोडपं बसलं होतं. आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं बिऱ्हाडं घेऊन कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' म्हणतात त्यांना. मुकादमाची उचल घ्यायची आणि फिटेपर्यंत तोडत राहायचं. हे आदल्या रात्रीच पट्टा पडून परत आले होते. त्याच्या शर्टाला अजून धुराचा आणि पाचटाचा वास होता. पाळकसाहेब म्हणाले, "मामा, या ना इकडं."

तो इकडे-तिकडे पाहू लागला. "म्या? म्या कामून?"

"या हो. जागा रिकामी आहे."

तो आला. खुर्चीच्या कडेला टेकला आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतले. पाळकसाहेबांनी हात पुढे केला, तसा तो एकदम उठायलाच लागला. "नगं साहेब, लई घाण हायेत. हापशावर जाऊन धुऊन येतो, आत्ता येतो बगा."

माझ्या कानात वज्री खुळखुळली. तोच विचार होता. फक्त त्याला न्हाणीघर आणि दुपार मिळाली नव्हती.

पाळकसाहेब काही बोलले नाहीत. त्यांनी नुसती त्याची टाच तळहातावर धरून ठेवली, घाबरलेलं कोकरू धरावं तशी. पाणी घालणारा मुलगा कुठे गेला होता कोण जाणे, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जरा पाणी घालता का?" मी माझे ते चकचकीत पाय घेऊन अनवाणी उठलो आणि तांब्या उचलला. इतक्या जवळून मी दुसऱ्या माणसाचा पाय कधी पाहिला नव्हता. मे महिन्यातल्या काळ्या रानासारख्या टाचेला भेगा होत्या, आणि प्रत्येक भेगेत कुठल्या कुठल्या शिवाराची माती भरलेली होती. घोट्यावर उसाच्या पात्यांनी कापल्याच्या बारीक रेषा, काही जुन्या पांढऱ्या, काही अजून लाल. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं. मी तांब्या उंचावरूनच कलता केला, पायावर पाणी उडालं. मग काय वाटलं कोण जाणे, वाकलो आणि जवळून ओतलं. पहिला तांब्या नुसता भेगांनी पिऊन टाकला. दुसऱ्याला रंग यायला लागला. तिसऱ्याला घंगाळातलं पाणी काकवीसारखं दाट झालं, आणि आजोबांचं नाव दिसेनासं झालं.

तेवढ्यात मामा फिसकन हसला. पाळकसाहेबांची बोटं तळव्याच्या मधल्या खोलगट भागाला लागली होती. सहा महिने चिखल, काटे, पाचट तुडवलेल्या त्या पायात तेवढीच एक जागा मऊ राहिली होती. "गुदगुल्या व्हत्यात," तो कसाबसा म्हणाला. मागच्या बाकावर त्याचं लेकरू खिदळलं. मग कुणीतरी हसलं, मग सगळेच. त्याची बायको पदर तोंडाशी धरून मान खाली घालून बसली होती. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की काय करत होती, ते मला तिथून कळलं नाही.

उपासना संपल्यावर ते घंगाळ मीच उचलून बाहेर नेलं. आमच्याकडे मार्चमधलं पाणी फेकून देत नाहीत. आवारात सीताफळाचं एक झाड आहे, त्याच्या बुंध्याशी ते ओतलं. त्या साली झाडाला जास्त फळं लागली, असं मी सांगणार नाही, नेहमीइतकीच लागली. घंगाळाच्या तळाशी मातीचा एक पातळ थर राहिला होता. घरी आल्यावर मी चिंच घेऊन बसलो, पण ही म्हणाली, "राहू द्या आज." मीही राहू दिलं.

पुढच्या वर्षी ईस्टर एप्रिलच्या विसाला आला. गुरुवारी दुपारी मी वज्रीला हात लावला नाही. नुसता हात लावला नाही असं नव्हे, तर दोन दिवस मुद्दाम चप्पल न घालता अंगणात फिरलो. टाचांना बऱ्यापैकी धूळ बसली. निघताना हिने पायांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न बोलता कुलूप लावलं. मी ठरवून ठेवलं होतं, की आज कुणी काही म्हणो, आपण बाराव्या खुर्चीत बसायचं.

आत गेलो तर बाराव्या खुर्चीभोवती पाच जण उभे. सेक्रेटरी आधीच तिच्या पाठीवर हात ठेवून होते. बीपीवाले गृहस्थ म्हणत होते, "अहो, मागच्या वर्षी ती माझीच होती." निवृत्त मुख्याध्यापक वयाचा दाखला देत होते. अकरावी, दहावी, नववीही गेली होती. जो तो मागे सरकत होता आणि 'तुम्ही पुढे व्हा, तुम्ही पुढे व्हा' असा गलका चालला होता. पहिली खुर्ची एकटीच रिकामी, आपलं काय चुकलं हे न कळल्यासारखी उभी होती. मला दुसरी मिळाली.

प्रार्थना सुरू होता होता मामा आला. पाळकसाहेबांनी दारातूनच त्याला हात धरून आणलं आणि जागा नव्हती म्हणून पहिल्या खुर्चीत बसवलं. तो बसला, या वेळी नीट पाठ टेकून. नव्या चपला काढून बाजूला जोडीने ठेवल्या, आणि दोन्ही पाय पुढे घेतले. साबणाचा वास माझ्यापर्यंत आला. भेगा होत्याच, पण घासून घासून त्यांच्या कडा गुलाबी झाल्या होत्या.

माझ्याकडे झुकून तो हळूच म्हणाला, "मागल्या साली लई लाज वाटली बगा, मास्तर. औंदा वजरीनं घासूनच आलो."

मी माझे पाय खुर्चीखाली ओढून घेतले.